सत्कार झाला, हिशेब राहिला : अमेरिकेतल्या वृद्ध धर्मभगिनींचं प्रकरण

अमेरिकेतल्या अनेक कॅथलिक नियतकालिकांत वर्षातून एकदा महोत्सवी मंडळींची पानं छापून येतात. व्रतजीवनाची पंचवीस, पन्नास, साठ, कधी पंचाहत्तर वर्षं पूर्ण केलेल्या सिस्टर, ब्रदर आणि फादर यांचे छोटे फोटो असतात आणि प्रत्येकाखाली चार ओळींत मावलेलं आयुष्य. अमुक शाळेत तिसरीच्या वर्गाला शिकवलं, तमुक इस्पितळात परिचारिका, मग मुख्याध्यापिका, मग तुरुंगातल्या बायकांसाठी काम, आणि सध्या मातृगृहात (आपल्या व्रतस्थ संघाच्या मुख्य घरी) प्रार्थनासेवा. सिस्टरांची वर्षं संघात प्रवेश केल्यापासून किंवा पहिल्या व्रतग्रहणापासून मोजतात, फादरांची गुरुदीक्षेपासून. त्या दिवशी कृतज्ञतेची मिस्सा होते, व्रतांचा पुन्हा उच्चार होतो, जुने विद्यार्थी भेटायला येतात, जेवण होतं. आपल्या वसईत त्यात शाल-श्रीफळाची आणि गावातल्या प्रत्येक मंडळाच्या भाषणाची भर पडते, एवढाच फरक.

सध्या प्रार्थनासेवेत असलेली ही माणसं जगतात कशावर, हा प्रश्न अमेरिकेत कित्येक दशकं कोणी चारचौघांत विचारला नाही. १९८६ साली तो विचारला गेला, तेव्हा व्रतस्थांच्या म्हातारपणाच्या तरतुदीत सुमारे दोन अब्ज डॉलरची तूट असल्याचं समोर आलं. आकडा मोठा आहेच. पण हे प्रकरण मांडावंसं वाटतं ते वेगळ्या कारणाने. ज्यांचा इतक्या प्रेमाने सत्कार होत होता, त्यांच्याच उतारवयाचा हिशेब कोणी केलेला नव्हता. आणि सत्काराच्या भाषणांत त्यांच्या त्यागाची जी स्तुती व्हायची, तीच तो हिशेब मागायला आड येत होती.

काम किती होतं

१८८४ साली बाल्टिमोरला अमेरिकन बिशपांची तिसरी महासभा भरली. प्रत्येक धर्मग्रामाने, म्हणजे एका चर्चभोवतीच्या भाविकांच्या समुदायाने, आपली शाळा उभारावी, असं तिथे ठरलं. युरोपातून आलेली आयरिश, जर्मन, पोलिश, इटालियन कुटुंबं गरीब होती. खाणीत, गिरणीत आणि रेल्वेच्या कामावर राबणाऱ्या या माणसांच्या वर्गणीतून इमारत कशीबशी उभी राहायची; शिक्षकांना पगार द्यायला काही उरायचं नाही. ती पोकळी सिस्टरांनी भरली. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत जवळपास १३ हजार कॅथलिक शाळा होत्या आणि त्यांत ५० लाखांहून अधिक मुलं शिकत होती. १९६५ च्या सुमारास देशात सिस्टरांची संख्या १ लाख ८० हजारांच्या घरात होती. एका वर्गात पन्नास-साठ मुलं, हे त्या काळच्या धर्मग्राम-शाळांचं नेहमीचं चित्र. सरकारचा पैसा न घेता चालणारी एवढी मोठी शाळांची यंत्रणा जगात क्वचितच कुठे उभी राहिली असेल.

इस्पितळांचीही गोष्ट अशीच. मेयो क्लिनिक आज साऱ्या जगाला ठाऊक आहे. त्याच्या मुळाशी सिस्टर आहेत, हे आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही. २१ ऑगस्ट १८८३ रोजी मिनेसोटातल्या रॉचेस्टर गावावर चक्रीवादळ आदळलं. जखमींच्या शुश्रूषेला फ्रान्सिस्कन सिस्टर धावल्या. गावात इस्पितळ नव्हतं. त्यांच्या प्रमुख मदर आल्फ्रेड मोस यांनी डॉक्टर विल्यम वॉरल मेयो यांच्यापुढे प्रस्ताव ठेवला : इस्पितळ आम्ही बांधतो, तुम्ही ते वैद्यकीय अंगाने सांभाळा. एवढ्याशा गावात ते चालेल यावर डॉक्टरांचा विश्वास नव्हता. सिस्टरांनी शिकवण्या करून, पोटाला चिमटा काढून पैसा साठवला आणि १८८९ च्या सप्टेंबरअखेर २७ खाटांचं सेंट मेरीज इस्पितळ उघडलं.

याच इस्पितळात सिस्टर मेरी जोसेफ डेम्पसी १८९२ पासून १९३९ मध्ये मृत्यू येईपर्यंत प्रमुख होत्या आणि बराच काळ थोरल्या मेयोंचे पुत्र डॉक्टर विल्यम जे. मेयो यांच्या शस्त्रक्रियांतल्या सहायकही. पोटातल्या काही कर्करोगांत बेंबीपाशी गाठ दिसते, हे रुग्णाला शस्त्रक्रियेसाठी तयार करताना त्यांच्या नजरेने टिपलं. ती गाठ वैद्यकशास्त्रात आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. आपल्या मेडिकल कॉलेजांतली मुलंही 'सिस्टर मेरी जोसेफ नोड्यूल' पाठ करतात, मागची बाई कोण ते बहुतेकांना माहीत नसतं. मला विचाराल तर आजवर एखाद्या सिस्टरच्या वाट्याला आलेल्या मानांत हा सगळ्यांत चिरस्थायी.

न्यूयॉर्कच्या सिस्टर्स ऑफ चॅरिटींनी १८४९ साली सेंट व्हिन्सेंट इस्पितळ सुरू केलं. कॉलऱ्याचे रुग्ण तिथे आले, टायटॅनिक बुडाल्यावर वाचलेले प्रवासी आले. १९८० च्या दशकात एड्स झालेल्यांच्या अंगाला हात लावायला लोक घाबरत, तेव्हा शहरात त्यांच्यासाठी स्वतंत्र कक्ष उघडणाऱ्या पहिल्या इस्पितळांत ते होतं. २०१० साली कर्जापायी ते बंद पडलं.

पैसा कसा फिरायचा

मराठी वाचकाने इथे एक भेद नीट लक्षात घ्यायला हवा, नाहीतर पुढचं काहीच उलगडणार नाही. फादर दोन तऱ्हेचे. धर्मप्रांतीय फादर आपल्या धर्मप्रांताच्या, म्हणजे अनेक धर्मग्रामांच्या विभागाच्या, बिशपांच्या हाताखाली काम करतात. ते ब्रह्मचर्य पाळतात, पण दारिद्र्याचं व्रत घेत नाहीत. त्यांना पगार असतो, निवृत्तिवेतनाची आणि आजारपणाची सोय धर्मप्रांत करतो. येशूसंघीय, फ्रान्सिस्कन यांसारखे संघीय फादर, सगळे ब्रदर आणि सगळ्या सिस्टर मात्र दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन अशी तीन व्रतं घेतात. त्यांची जबाबदारी त्यांच्या संघावर. शाळा धर्मग्रामाची, कारभार धर्मप्रांताचा. आणि तिथे चाळीस वर्षं शिकवणारी सिस्टर म्हातारी झाली की संघाची.

सिस्टरच्या कामाबद्दल धर्मग्राम संघाला छोटंसं मानधन द्यायचा. सरकारी शाळेतल्या बाईंच्या पगाराच्या मानाने ते किरकोळ असायचं. राहायला शाळेजवळचं कॉन्व्हेंट, म्हणजे सिस्टरांचं निवासस्थान, मिळायचं. मानधनातून सिस्टरचा खर्च भागवून जे उरेल ते मातृगृहाकडे जायचं. तिथे नवशिक्या मुलींचं प्रशिक्षण आणि थकलेल्या सिस्टरांची सेवा, दोन्ही त्या एकाच तिजोरीतून. साठवण अशी नव्हतीच. आज काम करणाऱ्या तरुण सिस्टर आजच्या म्हाताऱ्यांना सांभाळणार, त्या थकल्या की त्यांच्या मागून आलेल्या त्यांना सांभाळणार, असा हा व्यवहार. एकत्र कुटुंबाचा हिशेब म्हणावा तसा. घरात सुना-नातवंडं येत राहिली तर तो उत्तम चालतो.

हे कोणाच्या निष्काळजीपणामुळे झालं असं मी म्हणणार नाही. संघांकडे जो थोडा पैसा उरला तो त्यांनी बऱ्याचदा सिस्टरांच्या शिक्षणावर घातला. पूर्वी सिस्टर अर्धवट शिक्षणावर वर्गात उभी राहायची आणि उन्हाळी सुट्ट्यांत एकेक विषय घेत पदवी पुरी करायची. त्यात पंधरा-वीस वर्षं जायची. १९५४ साली सुरू झालेल्या सिस्टर फॉर्मेशनच्या चळवळीने आग्रह धरला की आधी पदवी, मग वर्ग. मुलांच्या दृष्टीने हे योग्यच होतं. पण धर्मग्रामांना शिक्षक हवे होते कालच, आणि पदवीचा खर्च पडला संघांवर.

मग काळ फिरला. जगभरच्या कॅथलिक बिशपांची दुसरी व्हॅटिकन परिषद १९६२ ते १९६५ या काळात भरली. व्रतस्थ संघांनी आपल्या मूळ प्रेरणेकडे परत जावं आणि काळाप्रमाणे नवं व्हावं, असं तिने सांगितलं. त्याच दशकात अमेरिकेतल्या मुलींपुढे शिक्षणाच्या आणि नोकरीच्या नव्या वाटा उघडल्या. हजारो सिस्टरांनी संघ सोडले, नव्या मुली येणं झपाट्याने कमी झालं. सिस्टर कमी झाल्या तशा शाळांना पगारी शिक्षक नेमावे लागले. ते परवडेना तेव्हा शाळा बंद होऊ लागल्या, आणि शाळा बंद झाली की तिथून येणारं मानधनही थांबलं. कुटुंबात मिळवणारे हात उरले थोडे, आणि वर वयाची सत्तरी-ऐंशी गाठलेली मोठी पिढी.

सरकारी निवृत्तिवेतनाचं काय? अमेरिकेतली सामाजिक सुरक्षा योजना १९३५ ची. दारिद्र्याचं व्रत घेतलेल्यांना संघाच्या आज्ञेने केलेल्या कामासाठी ती १९७२ पर्यंत लागूच नव्हती. १९७२ च्या दुरुस्तीने संघांना योजनेत येण्याची मुभा दिली. मागचे हप्ते भरून जास्तीत जास्त पाच वर्षांची जुनी सेवा जमेला धरता येत होती. म्हणजे १९३० पासून शिकवणाऱ्या सिस्टरची त्या पाच वर्षांआधीची सगळी वर्षं सरकारी दफ्तरात शून्य. आणि हप्ता ठरवायचा कशावर, कारण पगार तर नाही! कायद्याने तोड काढली ती अशी : संघ सिस्टरला जे जेवणखाण, निवारा आणि कपडे देतो त्यांची बाजारभावाने किंमत धरायची, महिन्याला किमान १०० डॉलर. साधेपणाने राहणाऱ्या बाईच्या राहणीची किंमत ती किती होणार? तेव्हा हप्ता लहान, आणि म्हणून मिळणारी रक्कमही लहान. आजही व्रतस्थांना या योजनेतून सर्वसाधारण अमेरिकन निवृत्ताच्या साधारण एक तृतीयांश रक्कम मिळते. जितकं काटकसरीने जगलात तितकं म्हातारपणी कमी, असा तो हिशेब झाला. यात कोणाचाही दुष्ट हेतू नव्हता, तरी हे मला फार लागतं.

१९८६

त्या वर्षी वॉल स्ट्रीट जर्नलचा वार्ताहर जॉन फियाल्का याने सिस्टरांच्या निवृत्तीच्या पेचावर सविस्तर लिहिलं. संघांच्या वरिष्ठ सिस्टर हा प्रश्न ओळखून होत्या. बिशपांची परिषद आणि स्त्री-पुरुष संघांच्या प्रमुखांच्या दोन परिषदा मिळून त्यावर कामालाही लागल्या होत्या. पण सामान्य कॅथलिक माणसाला याचा पत्ता नव्हता. त्याची समजूत अशी की चर्च श्रीमंत आहे, ते आपल्या सिस्टरांना बघत असणारच. ही समजूत दूर व्हायला अर्थव्यवहारांची बातमी देणारं, कॅथलिक नसलेलं वर्तमानपत्र लागलं. फियाल्काने त्याच वर्षी काही मंडळींना घेऊन 'सोअर' ही संस्था सुरू केली. मातृगृहांना लिफ्ट, रुग्णांच्या खाटा, आग लागल्याची सूचना देणारी यंत्रणा अशा अगदी रोजच्या गरजांसाठी ती अनुदान देते.

सिस्टर स्वतः का बोलल्या नाहीत? मला याची दोन कारणं दिसतात. एक, मागायचं नाही ही त्यांची घडण. देव पुरवील, यावर त्यांचा खरोखरचा विश्वास होता, आणि तो पोकळ नव्हता. त्याच विश्वासावर त्यांनी इस्पितळं बांधली होती. दुसरं कारण जरा अवघड आहे. लोक वर्षानुवर्षं ज्यासाठी तुमचं कौतुक करतात, त्यातच तुम्ही अडकता. निःस्वार्थ म्हणून ज्यांना हार घातला, त्यांनी उद्या आमच्या औषधाचा खर्च कोण देणार असं विचारायचं कसं?

त्याच १९८६ साली आणखी एक माणूस सिस्टरांच्या दारी गेला होता. डेव्हिड स्नोडन नावाच्या रोगपरिस्थितिशास्त्रज्ञाने मिनेसोटातल्या मॅनकाटो इथे स्कूल सिस्टर्स ऑफ नोत्र दाम यांच्या वृद्धत्वाचा अभ्यास सुरू केला. सगळ्यांचं जेवण सारखं, राहणी सारखी, धूम्रपान नाही, कामही बहुतेकींचं शिकवण्याचं. म्हातारपणात मेंदूचं काय होतं हे तपासायला याहून चांगला गट कुठे मिळणार? पुढे देशभरातल्या ७५ वर्षांवरच्या ६७८ सिस्टर त्यात सामील झाल्या. त्यांनी दरवर्षी स्मरणशक्तीच्या चाचण्या दिल्या, विशीत व्रत घेण्यापूर्वी स्वहस्ते लिहिलेली आत्मवृत्तं उघडी केली आणि मरणोत्तर मेंदू देण्याचं लिहून दिलं. अल्झायमरबद्दल आज जे ठाऊक आहे, त्यात या सिस्टरांचा मोठा वाटा आहे. दोघांपैकी एकाने त्यांचं म्हातारपण समजून घेतलं, दुसऱ्याने त्या म्हातारपणाचा खर्च मोजला. माझ्या लेखी दोन्ही सत्कारच होते.

डिसेंबरमधली झोळी

नोव्हेंबर १९८७ मध्ये बिशपांनी ठरवलं की देशभरच्या चर्चमध्ये वर्षातून एकदा वृद्ध व्रतस्थांसाठी झोळी फिरवायची. पहिली झोळी डिसेंबर १९८८ मध्ये फिरली. सुरुवातीला दहा वर्षांसाठी ठरलेला हा उपक्रम पुन्हा पुन्हा वाढवावा लागला आणि आजही चालू आहे. साधारण डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी ती फिरते, वर्षाला अडीच ते तीन कोटी डॉलर जमतात, आणि आजवरची एकूण रक्कम एक अब्ज डॉलरच्या पुढे गेली आहे. अमेरिकेतल्या कॅथलिकांनी इतक्या सातत्याने आणि इतक्या मनापासून दिलेलं दुसरं दान सापडणं कठीण. ज्यांना सिस्टरांनी पाढे शिकवले ती पिढी आज स्वतः सत्तरीत आहे आणि अजून देते आहे.

तरी भागाकार करून पाहा. वीस-पंचवीस हजार वृद्ध सिस्टर, ब्रदर आणि फादर यांना मदत पोचवायची तर माणशी वर्षाला हजार-बाराशे डॉलर येतात. एका वृद्ध व्रतस्थाच्या देखभालीचा खर्च वर्षाला सरासरी पन्नास हजार डॉलरच्या आसपास. अंथरुणाला खिळलेल्यांचा त्याहून पुष्कळ अधिक. माहिती देणाऱ्या पाचशेच्या आसपास संघांपैकी पुरेशी तरतूद असलेले अगदी मोजके. म्हणून या निधीचा एक भाग थेट मदतीत जातो आणि एक भाग संघांना जमाखर्चाचं नियोजन, इमारतींचा वापर, दोन-तीन संघांनी मिळून एकच शुश्रूषागृह चालवणं अशा गोष्टींच्या सल्ल्यासाठी. हा दुसरा भाग कोरडा वाटतो, पण दूरचा विचार केला तर तोच जास्त उपयोगी ठरला आहे.

माझं मत इथे स्पष्ट सांगतो. झोळीतून जमणाऱ्या पैशाला दान म्हटलं जातं, आणि देणाऱ्याच्या बाजूने ते दान आहेच. पण ज्या धर्मग्रामांनी आणि धर्मप्रांतांनी शंभर वर्षं सिस्टरांचं काम जवळपास फुकटात घेतलं, त्यांच्या बाजूने तो थकलेला पगार आहे. दारिद्र्याचं व्रत सिस्टरांनी देवापुढे घेतलं होतं. शाळेला स्वस्तात शिक्षक मिळावा म्हणून घेतलं नव्हतं. कायद्याने संघ वेगळा आणि धर्मप्रांत वेगळा, हे खरं. धर्मप्रांतांची तिजोरीही सगळीकडे भरलेली नव्हती, हेही खरं. तरीही धर्मप्रांतीय फादरांच्या निवृत्तिवेतनाची सोय करताना त्याच शाळेतल्या सिस्टरचं नाव यादीत नसणं, हे कोणाला तरी तेव्हाच खटकायला हवं होतं. पुढे अनेक धर्मप्रांतांनी सिस्टरांचं मानधन वाढवलं, निवृत्तीसाठी त्यात वेगळी रक्कम धरली. पण ज्यांनी काम करून संपवलं होतं त्यांना त्याचा फायदा कसा मिळणार?

२००२ साली बॉस्टनमधून धर्मगुरूंनी केलेल्या बालकांच्या लैंगिक छळाची प्रकरणं बाहेर आली. धर्मप्रांतांना नुकसानभरपाईपोटी अब्जावधी डॉलर मोजावे लागले. लोक विचारू लागले की झोळीत टाकलेले आमचे पैसे वकिलांना तर जात नाहीत ना. हा निधी राष्ट्रीय कार्यालयातून थेट संघांना जातो, हे तेव्हापासून पुन्हा पुन्हा सांगावं लागलं.

या ओघात आणखी एक गोष्ट टाळू नये. दशकांची सेवा म्हटलं की सगळीच सेवा निर्मळ होती असं नाही. व्हर्माँट राज्यात बर्लिंग्टनला सिस्टरांनी चालवलेल्या सेंट जोसेफ अनाथाश्रमात मुलांचा छळ झाला, हे तिथे वाढलेल्यांनी म्हातारपणी सांगितलं आणि २०२० साली राज्याच्या तपासणीने त्यांचं म्हणणं ग्राह्य मानलं. अशा ठिकाणी महोत्सवाची पानं छापताना संघांनी त्या मुलांचंही नाव घ्यायला हवं. त्याने बाकीच्या हजारो सिस्टरांचं काम कमी होत नाही. उलट कौतुक खरं आहे असं ऐकणाऱ्याला वाटतं.

तपासणी आणि कौतुक, एकाच वेळी

२००९ साली दोन गोष्टी बरोबरीने सुरू झाल्या. सिन्सिनाटीत सिस्टरांच्या कार्याचं मोठं फिरतं प्रदर्शन उघडलं. पुढच्या वर्षी ते वॉशिंग्टनला स्मिथसोनियनमध्ये गेलं, नंतर एलिस आयलंडला. आणि त्याच वर्षी रोमने अमेरिकेतल्या सिस्टरांच्या संघांची अधिकृत पाहणी जाहीर केली. १९६५ नंतर या संघांनी स्वीकारलेले बदल, त्यांची शिस्त आणि शिकवण यांबद्दल तिथे शंका होत्या. सत्तरीतल्या बायका प्रश्नावल्या भरत बसल्या. पुष्कळ दुखावल्या गेल्या. सामान्य कॅथलिक लोक मात्र उघडपणे सिस्टरांच्या पाठीशी उभे राहिले. 

डिसेंबर २०१४ मध्ये पाहणीचा अंतिम अहवाल आला तेव्हा पोपपदावर फ्रान्सिस आले होते आणि सूर पुरता बदलला होता. अहवालाने सिस्टरांचे आभार मानले. त्यांची संख्या सुमारे ५० हजारांवर आली आहे, १९६० च्या दशकाच्या मध्यापासून ती सव्वा लाखाने घटली आहे, आणि त्यांच्या वयाचा मध्यांक (निम्म्या सिस्टर ज्याहून मोठ्या असतात ते वय) सत्तरीच्या उत्तरार्धाकडे झुकला आहे, हेही त्यात नोंदलं गेलं. आज ही संख्या ४० हजारांच्याही खाली आहे.

आपल्याकडे

भारतात सिस्टरांची संख्या एक लाखाच्या आसपास आहे. जगात सर्वाधिक सिस्टर असलेल्या देशांत आपण अग्रभागी आहोत. आपल्याकडचं चित्र एका बाबतीत अमेरिकेहून बरं आहे. महाराष्ट्रात आणि इतर राज्यांत अनुदानित शाळांत शिकवणाऱ्या सिस्टरांना आणि फादरांना शासनाच्या वेतनश्रेणीने पगार मिळतो. तो त्या संघाच्या सामायिक खात्यात देतात, पण नोंद त्यांच्या नावाने होते. जुन्या नियमांत बसणाऱ्यांना निवृत्तिवेतनही मिळतं. या पगारावर उगमाशी प्राप्तिकर कापायचा की नाही, हा वाद तामिळनाडू आणि केरळातून सर्वोच्च न्यायालयात गेला. ७ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यायालयाने निर्णय दिला की कर कापला जाईल; मिळालेला पैसा संघाला दिला तरी पगार हा पगारच. अनेक संघांना हा निर्णय बोचला. मला त्यात एक चांगली बाजू दिसते. सिस्टरच्या कामाला किंमत आहे आणि ती तिच्या नावावर आहे, हे कागदावर राहिलं. अमेरिकेत नेमकं तेच कुठे लिहिलेलं नव्हतं.

पण अनुदानित शाळेबाहेरचं काय? पालघर-डहाणूच्या पाड्यांवर दवाखाना चालवणारी, मुलींचं वसतिगृह सांभाळणारी, कुष्ठरुग्णांच्या जखमा बांधणारी सिस्टर कोणत्याच वेतनपटावर नाही. तिचा भार शाळेतल्या सिस्टरांच्या पगारावर आणि नव्याने येणाऱ्या मुलींवर आहे. आणि वसईत, गोव्यात एकेकाळी घराआड एक तरी फादर नाहीतर सिस्टर असायची. आता घरात मूल एक किंवा दोन, आणि त्यांच्या वाटा वेगळ्या. अमेरिकेत १९६५ ते १९८६ या वीस वर्षांत जे घडलं त्याची सुरुवात आपल्या किनाऱ्यावर झालेली आहे. आपल्याकडे सुवर्णमहोत्सवाच्या निमंत्रणपत्रिका छापणाऱ्या समित्यांनी त्याच बैठकीत संघाच्या वरिष्ठ सिस्टरांना विचारावं : आजारी सिस्टरांचा विमा आहे का, रात्री बघायला कोण असतं, आणि वर्षाला खर्च किती येतो? सिस्टर आधी हसून काही नको म्हणतील. तरी पुन्हा विचारावं.

पुढे काय झालं

काही संघांनी आपला शेवट स्वतः ठरवला. सेंट व्हिन्सेंट उभारणाऱ्या न्यूयॉर्कच्या सिस्टर्स ऑफ चॅरिटींनी एप्रिल २०२३ मध्ये मतदान करून नव्या मुलींना प्रवेश न देण्याचा निर्णय घेतला. १८१७ साली अमेरिकेतल्या सिस्टर्स ऑफ चॅरिटींच्या संस्थापिका एलिझाबेथ सीटन यांनी धाडलेल्या तीन सिस्टरांपासून सुरू झालेला हा संघ आता उरलेल्या सिस्टरांची नीट काळजी घेत आणि आपली कामं इतरांच्या हाती सोपवत पूर्णत्वाला जाईल. याला हार म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. दोनशे वर्षांच्या कामाचा ताळेबंद शुद्धीवर असताना, स्वतःच्या हाताने मिटवायला मोठं धैर्य लागतं.

स्कूल सिस्टर्स ऑफ नोत्र दाम यांनी विस्कॉन्सिनमध्ये वेगळी वाट काढली. एल्म ग्रोव्ह इथलं त्यांचं एकोणिसाव्या शतकापासूनचं आवार आता पेलवेना. तेव्हा तिथल्या सिस्टर २०२१ साली मिलवॉकीच्या माउंट मेरी विद्यापीठाच्या आवारात उभारलेल्या ट्रिनिटी वुड्स या नव्या वसाहतीत राहायला गेल्या. विद्यापीठ मूळ त्यांच्याच संघाने काढलेलं. एकाच वसाहतीत वृद्ध सिस्टर, इतर ज्येष्ठ नागरिक, लहान मुलांना घेऊन शिकणाऱ्या एकल माता आणि त्या मुलांसाठी पाळणाघर. शुश्रूषेचा खर्च वाटला जातो, आणि आयुष्यभर मुलांत रमलेल्या बायकांना शेवटची वर्षंही मुलांच्या शेजारी काढता येतात. मी पाहिलेल्या उपायांत हा मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो, कारण यात सिस्टरांना कोणी सांभाळतं आहे आणि त्याही कोणाला तरी सांभाळत आहेत. बाकीच्या बहुतेक संघांकडे असा भागीदारही नाही आणि शेजारी स्वतःच काढलेलं विद्यापीठही नाही. त्यांच्यासाठी डिसेंबरमधली झोळी अजून फिरते आहे.